पाचवी बसून राहिली

पहाटे साडेचार. मिरजेच्या कत्तलखान्याशी
जतकडचा टेम्पो मागं येत येत थांबला.
चाकांना अजून तिकडची पांढरी धूळ.
फळी टाकली.
चार म्हशी खडखडत उतरल्या,
लांब शिंगं एकमेकींना लागू नयेत म्हणून
माना तिरप्या करत.
पाचवी बसून राहिली.

"वाटेत पाय आखडलेत, मॅडम.
पाच मिनटं द्या," दस्तगीर बेपारी म्हणाला.

दिली. मग आणखी वीस.
शेपूट पिरगाळायचं नाही, हे त्याला ठाऊक आहे;
मी असले की जरा जास्तच ठाऊक असतं.

नियम एका ओळीचा आहे:
जनावर आपल्या पायांनी आत आलं पाहिजे.
शिरवळला असताना आम्ही तो पाठ केला,
का, ते नोकरीत कळलं.
बसलेल्या जनावराच्या आत
काय येऊन बसलंय, ते बाहेरून दिसत नाही.

टॉर्च दातात धरून मी टेम्पोत चढले.
कान गरम. नाकपुड्या कोरड्या. ताप एकशे चार.
मानेवर सुपारीएवढी गाठ.
बोट लावलं तशी तिनं कातडी थरथरवली,
माशी समजून.

"सुया कधी दिल्या?"
"कुठल्या सुया?"
"परवापातूर चालू हुत्या की,"
फाळकं धरून उभं असलेलं पोरगं बोललं,
आणि बोलल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला.

दस्तगीरनं त्याला मारलं नाही.
चाकाला टेकून खाली बसला.
"रात्री घेतली. बॅटरीच्या उजेडात.
बसून रवंथ करत हुती, म्हणलं मग चांगलीय.
बा असता तर आधी उठवून बघितली असती त्यानं.
अठ्ठावीस हजार."
जरा वेळानं:
"लिवा. आमच्या घरात पण हितलंच शिजतंय."

मी लिहिलं. जांभळा शिक्का मारला. अयोग्य.
नियमात पुढचं काही नव्हतं,
म्हणून माझ्या गाडीतली सलाइनची बाटली आणली
आणि टेम्पोच्या गजाला बांधली.

साडेआठला, त्या चौघींची कातडी मोजत होते तेव्हा,
फळी वाजली.
मागचे पाय आधी, मग गुडघे,
मग सगळी, हलत, एका बाजूला झुकत
उभी राहिली
आणि मुतली. भरपूर. सगळ्यांनी ऐकलं.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं.
"आता उभीय की, मॅडम."
"उभीय."
"मग?"
"औषध अंगात आहे तिच्या. एवढ्यात कापली
तर कुणाच्या तरी पोराच्या ताटात
न विचारता वाढलेली सुई ती."
"किती दिवस?"
"एकवीस धर."
"एकवीस दिवस मी हिला खायला काय घालू?"
आवाज चढला होता त्याचा. पण पोरगं तोवर
कडब्याच्या दोन पेंढ्या आणायला पळालंही होतं.

आणि एकवीस दिवसांनंतर?
ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
ती पाण्याच्या बादलीत नाक घालून
नुसती फुरफुरत राहिली.

वहीत रकाने तीनच: कापले, नाकारले, मेले.
समासात, जागा होती तिथं, लिहिलं:
उभी राहिली. ८.३२.
शाई ओली होती.
वही जराशी उघडी ठेवली.