रुस्लान-कट

पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं,
हे मी शब्दशः सांगतोय.
डोकी माझ्या हातात होती.

मलांगच्या बसथांब्यामागे, मोठ्या झाडाखाली
एक खुर्ची, खोडाला ठोकलेला आरसा,
वस्तऱ्याला धार लावायचा पट्टा.
आम्ही गारुतची माणसं, सावली तिथे दुकान.
रुस्लान दामर तेव्हा नुसता आवाज होता,
ट्रकवाल्यांच्या रेडिओत,
मिरच्या वाटणाऱ्या बायकांच्या ओठांत.
आवाजाला केस नसतात.
मी सगळ्यांचे सारखेच कापायचो.

मग तो सिनेमात आला.
फुटबॉलच्या मैदानात दोन बांबूंना ताणलेलं कापड,
वारा सुटला की त्याचा गाल फुगायचा.
सोमवारी उजाडता उजाडता सात पोरं रांगेत:
रुस्लानसारखे करा.
मी काही सिनेमा पाहिला नव्हता.
म्हटलं, सांगा बाबांनो, कसे ते.
एक म्हणाला, मानेवर रुळतात.
दुसरा म्हणाला, कान झाकतात, पण त्याला ऐकू येतं.
तोफूवाल्याचा जुमादी बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
तो आगगाडीच्या टपावर उभा राहून गातो ना,
तेव्हा वळणावर केस त्याच्याआधी वळतात.

हे कातरीला कसं सांगायचं?

भांगावरून तर मारामारीच झाली.
तिकीट काढून बसलेले म्हणत, डावीकडे.
भिंतीवर चढून पडद्यामागून फुकट बघणारे म्हणत, उजवीकडे,
आणि गिटारही तो डाव्या हाताने वाजवतो, शपथेवर.
कोणीच खोटं बोलत नव्हतं.
त्या वर्षी गावात भांग बघून कळायचं
कोणाच्या खिशात पैसे आहेत.
जुमादीचा भांग उजवीकडे.
डावखुऱ्या गिटारीचं कर्ज त्याच्या बापाने
तोफूवर फेडलं.

वार्तिनी आली होती, दुपारी, कोणी नसताना.
वेणी हातात घेऊन म्हणाली, त्याच्याएवढे ठेवा.
मी नाही कापले.
अजून ती मला पाहून रस्ता ओलांडते.

तिसऱ्या सिनेमाच्या सुमारास शिपाई आले.
लांब केस म्हणजे बिघडलेलं डोकं, असा वरून हुकूम.
पुलावर बस थांबवायची, पोरं उतरवायची,
आणि कातर माझी.
मीच वाढवलेले, मीच कानामागे वळवलेले,
त्यातले निम्मे उधारीवरचे.
जुमादी बसला. डोळे मिटले,
माझ्या खुर्चीत मिटायचा तसेच.
मान पुढे केली, एक शब्द नाही.
खाली नदीत केस पडत होते
आणि मासे वर येऊन तोंड उघडून परत जात होते.

दिवस मावळला, पैसे म्हणून एक चहा मिळाला.
शिपायांतला सगळ्यात कोवळा, मिसरूडही नीट न फुटलेला,
कठड्याला टेकून हळूच म्हणाला,
पाक, माझे जरा कानावर राहतील का?
टोपीखाली कोण बघतंय.

पुढे पुढे रुस्लान शहाणा झाला.
पाचव्या सिनेमात मास्तर होता, केस बारीक,
फळ्यासमोर उभा राहून तरुणांना चार गोष्टी सांगत होता.
पोरांनी बिया सोलत ऐकून घेतलं.
त्याने दारू सोडली, कोणी सोडली नाही.
त्याने केस कापले, माझ्याकडे कोणी आलं नाही.
तो चुकला, म्हणाली पोरं,
असं कुठे करतो का रुस्लान!
घरातल्या थोरल्याबद्दल बोलावं, तसं म्हणाली.

आता टीव्हीवर दिसतो कधीमधी.
टोप आहे. बायकोला पटत नाही,
पण मी न्हावी आहे.

जुमादी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतो.
टाळूवर एक केस नाही, कानांपाशी चार.
खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, म्हणतो, रुस्लान.
मी फडकं झटकतो, गळ्याशी गाठ मारतो,
कोऱ्या कातडीवर फणीने भांग पाडतो, उजवीकडे,
आणि पंधरा मिनिटं
त्याच्या डोक्याभोवतीची हवा कापतो.
मधेच तो म्हणतो,
मागे जरा जास्त राहू द्या.