घोटीव

मराकेशच्या कचेरीत
इद्दरनं काचेवर अंगठा टेकवला, तीनदा.
यंत्र म्हणालं : कोणी नाही.

कारकून बाई हसली, मग जरा रागावलीही.
"महिनाभर चुन्याला शिवू नका, आजोबा.
रेषा उगवतात परत."

चाळीस वर्षं हमामांच्या भिंती घोटल्या त्यानं.
ओल्या चुन्यावर मुठीएवढा गोटा,
वर काळा साबण, पुन्हा गोटा.
भिंत गुळगुळीत होईपर्यंत नव्हे,
भिंत पाणी नाकारेपर्यंत.

महिनाभर घरात.
मी रोज रात्री त्याचे तळवे
अरगानच्या तेलानं चोळायचे.
आधी नुसतीच सालपटं निघाली.
मग एका सकाळी तर्जनीवर
वारा वाळूवर ठेवून जातो तशी
एक बारीक लाट.

त्या दिवशी तो हात लावत हिंडला :
संत्र्याची साल,
गाढवाच्या कानामागची लव,
पावाचं बूड, कोंडा चिकटलेलं,
माझा गाल.
"हा व्रण कधीचा, तूदा?"
"लहानपणचा, बाबा."
बराच वेळ तो काही बोलला नाही.

कार्ड मिळालं.
परतताना तो जुन्या हमामात शिरला,
त्याच्या पहिल्या भिंतीपाशी.
पुरुषांची वेळ; मी दाराबाहेर,
लाकडाच्या मोळ्यांशेजारी, धूर खात.

बाहेर आला तो घामानं निथळत.
"खरखरीत आहे," म्हणाला,
"आणि इतक्या वर्षांत
कुणी बोललं नाही."

घरी येऊन कोनाड्यातला गोटा काढला,
अंगठ्यानं एकदा चाचपला.
कार्ड माझ्या हातात दिलं.
खिसा रिकामा हवा होता.