अक्षराला आठ आणे

"दहापैकी किती दुखतंय?" तिनं विचारलं
आणि मला भावच आठवला:
अक्षराला आठ आणे.

जांभळी नाक्याला, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी
चौतीस वर्षं स्टुलावर बसून
मी लोकांची नावं कोरली
तांब्यांवर, परातींवर, पोळ्यांच्या डब्यांवर.
गिऱ्हाईक पैसे वाचवायला सुमतीची नुसती सु. करायचं,
जोडाक्षर एकच धरा म्हणून हुज्जत घालायचं.
मी मान खाली घालूनच हो म्हणायचो.
मान वर केली की वेलांटी घसरते.

"सात," म्हणालो शेवटी. "रात्री आठ."
खारकर आळीतल्या पहिल्या मजल्यावर
डॉक्टर केतकी भोईरनी सात लिहिलं.

आधी शेक. टॉवेलात गुंडाळलेली जड पिशवी.
मग गार जेल, त्यावर गोल फिरणारं यंत्र,
त्याचा म्हणे आवाज असतो, माणसाला ऐकू येत नाही.
माझ्या मशीनचा येतो. बंद असलं तरी येतो.
मग चार चकत्या चिकटवल्या.
"मुंग्या येतायत?"
येतायत.
इतकी वर्षं मी स्टीलला आणल्या.

तिनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.
पाचवा मणका सहाव्याला टेकलाय.
मी बघत राहिलो:
शेवटी शेवटी जागा संपली
म्हणून दाटीवाटीनं कोरलेलं नाव.
असं काम मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नसतं.

मग ते ओढायचं यंत्र. हनुवटीला पट्टा, डोक्यामागे पट्टा,
सहा किलो.
सहा किलो म्हणजे रुखवतातली मोठी परात
आणि तिच्यात बसणारी पातेली, झाकणांसकट.
दहा मिनिटं मी तसा,
वजनकाट्याला लटकवल्यासारखा,
अक्षराअक्षरात जागा पडायची वाट बघत.

पालथं झोपवतात तेव्हा तोंडाखाली भोक असतं.
त्यातून तिच्या चपला दिसतात,
डाव्या अंगठ्याशी झिजलेल्या.
तिथं मला बरं वाटतं.
मी माणसं अशीच ओळखतो.

घरी करायचे व्यायाम कागदावर चित्रं काढून दिलेत.
हनुवटी आत. वर नाही, खाली नाही, आत,
कुणी कारल्याचा घास तोंडाशी आणल्यासारखी.
कपाळाला तळवा लावा.
तळव्यानं मागे रेटा, कपाळानं पुढे.
हलायचं कुणीच नाही. दहा मोजा.
हा मला पहिल्याच दिवशी जमला.
मी आणि हेमलता एकोणतीस वर्षं
हेच तर करतोय.
ती ओट्यापाशी उभी राहून हसली,
म्हणाली, दहाला थांबायचं असतं होय?

"पूर्ण नाही जाणार, काका. तीनवर आणू."
केतकीताई हे इतकं सरळ बोलल्या
की मला राग आला नाही.
बायका येतात, जुन्या कळशीवरचं नाव काढून मागतात.
का, ते मी विचारत नाही.
सांगतो, घासून देतो, पुसट होईल,
उजेडात तिरकी धरलीत तर दिसेलच.
काही जणी घेऊन परत जातात.
बऱ्याचजणी म्हणतात, चालेल.

आता टेबलाखाली चार विटा, वर हेमलताचा जुना पाट.
भांडं छातीशी येतं, गिऱ्हाईक समोर.
ऊन डोळ्यांवर येतं, त्याचं काही ठरवलेलं नाही.

परवा एक म्हातारी येऊन उभी राहिली.
ओळखीचं हसली.
मी तिच्याकडे बघितलं, बघत राहिलो,
कपाळ, चष्मा, गालावरचा तीळ,
काही केल्या नाव येईना.
शेवटी पेन्सिल पाडली,
वाकलो, डॉक्टरांनी नको म्हटलंय तसंच वाकलो.
करंगळीवर चढलेलं बोट, तपकिरी चपला.

"बोला, गुप्ते वहिनी."

डबा पुढे करत त्या म्हणाल्या,
"मान दुखते ना हो तुमची? कळलं मला."

"पाच," म्हणालो.
त्या पर्स उघडून सुटे शोधायला लागल्या.