मशीन रिकामंच चालतं

पहाटे साडेचारला बटण दाबलं
आणि रत्नीनं पान्हा चोरला.
कास टंच, शिरा तटतटलेल्या,
पण नळीतून नुसतं टक्-हुश्श, टक्-हुश्श,
बादलीच्या तळाला चहापुरतं दूध.
मग एक लाथ. कप शेणात.
हे म्हणाले, "मशीनचा हप्ता काय हिचा बा भरणार?"

शेजारी पुरी उभी.
तिला कप लावले तशी तिनं एकदा मागं वळून बघितलं,
कोण आलंय एवढंच,
आणि रवंथ पुढं चालू.
नऊ लिटर.

पुरी, म्हणजे खायची नव्हे. महापुरातली.
आठ दिवसांची होती, पायरीला पाणी लागलं तेव्हा.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कुरुंदवाड सोडलं,
तिची आई दुसऱ्याच ट्रॉलीत.
जयसिंगपूरकडं उंचावरच्या शाळेच्या पटांगणात
दोरीच्या कुंपणात सतरा वासरं,
रात्रभर जनरेटर, भोंगे, बूट, टॉर्च,
ज्याला सवड होईल तो बाटली तोंडाशी धरी.
एकमेकांचे कान चोखत झोपायची सगळी.
मी भिंतीकडं तोंड करून रडले होते:
लेकराची आबाळ झाली.

म्हणून रत्नीला जपलं.
चुलीमागच्या खोलीत, कोरड्या पोत्यावर, एकटी.
माझ्या हाताशिवाय दुसरा हात नाही.
गल्लीत कुणाचं वासरू हंबरलं
की दार लोटून घ्यायची मी.
रोगराई नको, दृष्ट नको.
कसली गुटगुटीत झाली होती!
लोक बघायला यायचे, उंबऱ्यावरूनच बघायचे.

दवाखान्यातल्या मगदूम बाई आल्या,
कास चाचपली, सड बघितले, ताप बघितला.
"काही नाही हिला. लहानपणी कुणाबरोबर होती?"
"माझ्याबरोबर."
"ते झालं. वासरांपैकी कुणाबरोबर?"

मी पेंडीच्या पोत्याचं तोंड
उगाचच पुन्हा बांधलं.

आता रत्नीची धार मीच काढते.
मनगट रात्री ठणकतं.
कपाळ तिच्या कुशीला टेकलं
की वरून सरसर उतरतं दूध,
मला बरं वाटतं,
आणि बरं वाटतं याचीच लाज वाटते.
सासरच्या लग्नाला दोन वर्षं गेले नाही मी.
माझ्या पाठीमागं ही अडून बसेल म्हणून.

परवा पुरी व्याली. कालवड.
चीक पोटभर पाजला,
आणि चौथ्या दिवशी कमलाक्काच्या गोठ्यातली
तिच्याच वयाची एक आणली सोबतीला.
दोघींना एकच कप्पा, एकच घमेलं.
शाळा सुटली की पोरं येतात, बोटं चोखायला देतात,
त्यांना मी हाकलत नाही.
जीव वरखाली होतो, पण हाकलत नाही.

आणि संध्याकाळी
मशीन रिकामंच चालू करते, दहा मिनिटं,
कप्प्याशेजारी.
"लाइटबिल?" हे विचारतात.
मी म्हणते, माझ्या वाटणीतलं धरा.

टक्-हुश्श, टक्-हुश्श.
पहिल्या दिवशी दोघी कोपऱ्यात.
आज एकीनं नळी हुंगली,
दुसरी तिच्या मागोमाग आली,
मग दोघी नळी सोडून
एकमेकींच्या कानाला लुचत बसल्या.

गोठ्याच्या त्या टोकाला रत्नी
कान ताठ करून बघते आहे.
उद्या तिचं दावं
दोन हात इकडं बांधीन म्हणते.