गोडनिंब, कडूनिंब

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
मी कढीपत्ता मागितला.
गिरजाबाई निखाडेनं जुडीवर पाणी शिंपडलं,
"गोडनिंब म्हना न, मॅडम.
अन् ते कोथिंबीर नाई, सांबार."
सांगलीहून इथं पाठवताना
बदलीच्या ऑर्डरीत हे लिहिलं नव्हतं.

घरी येऊन पान चावलं.
उग्र, तुरट, जिभेला जराशी झिणझिणी,
गोड म्हणावं असं काहीच नाही.
पुढच्या बुधवारी विचारलं, यात गोड कुठाय?
ती सुटे पैसे मोजत होती.
"कडू नाई ना? मंग गोडच झालं."

तेव्हापासून आठवत बसले आहे.
गोडेतेल, साखरेचा कण नसलेलं.
गोड्या पाण्याची विहीर, खारी नाही एवढंच.
आणि आमचे अण्णा.
गल्लीभर त्यांना गोड माणूस म्हणत.
ते कुणाशी फारसं बोलतच नसत.

घरमालक बोरकुटे
कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत,
एकतीस वर्षं काचपट्ट्या धूत होते.
अंगणात दोन्ही निंब:
थोरला फाटकाशी, धाकटा मोरीच्या पाण्यावर.
भाऊ-भाऊ दिसतात, मी म्हटलं.
"छे! पानं सारखी म्हनून नाव सारखं."
त्यांनी गोडनिंबाचं पान उन्हात धरलं:
सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके.
मग कुंपणाजवळच्या संत्र्याचं पान धरलं.
तेच ठिपके.
कडूनिंबाचं पान मात्र कोरं.

म्हणजे नावानं या घरातला,
रक्तानं संत्र्याचा.
उगाच माझी दोन्ही आडनावं आठवली.

चैत्रात थोरला फुलला.
भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
आणि गच्चीवर त्या कडू झाडाचा वास,
कुणीतरी शेजारी मधाची बरणी
उघडी ठेवून झोपी गेल्यासारखा.

जूनच्या तोंडावर बोरकुट्यांची नात
पायरीवर बसून पिवळ्या निंबोळ्या चोखत होती,
रस हनुवटीपर्यंत.
गोड आहे?
"हाव. पन बी नोका चाऊ."

धाकट्यावर काळी, टपोरी फळं धरलीत.
बुलबुल येतात, खाऊन जातात.
त्या फळांना इथं काय म्हणतात,
गिरजाबाईला विचारायचं
दर बुधवारी राहून जातं.