चिकटवून बजावणी

मी, बाबालाल हसन मुजावर, बेलिफ,
खरं तेच लिहून देतो की
आज सकाळी सव्वा अकराला
मनाई हुकुमाची प्रत घेऊन
जुन्या मुन्सफ कोर्टाच्या जागी पोचलो.
हुकूम: जैसे थे.

जागी कोर्ट नव्हतं.
गुडघ्याएवढं जोतं होतं
आणि एक जेसीबी, तोंड भुईला लावून,
म्हशीगत.

ठेकेदार हजर नव्हता. अशा वेळी प्रत
वास्तूच्या दर्शनी भागी चिकटवायची, असा कायदा.
एकतीस वर्षं पिशवीत खळ बाळगली,
गव्हाच्या पिठाची, घरची, मोरचूद न घालता.
हिरण्यकेशीच्या दोन्ही अंगांची दारं ओळखीची,
कडी कुठं, उंबरा केवढा, कुत्रं कसलं.
आज खळ होती. दार नव्हतं.

दार सागवानी होतं, आजऱ्याकडच्या रानातलं.
वर कमानीत शके अठराशे पंधरा,
एकीकडं मोडी, दुसरीकडं इंग्रजी,
इंग्रजीत एक अक्षर चुकलेलं.
ते दुरुस्त करायला ना संस्थानाला सवड झाली
ना सरकारला.

एकोणीसच्या महापुरात पाणी
न्यायाधीशांच्या खुर्चीच्या हाताला लागलं.
आदगोंडा नाझर आणि मी छातीभर पाण्यातनं
दप्तराचे रुमाल माळ्यावर चढवले.
तांबडा रंग सुटला, कागदांत उतरला;
बांधाचे, वाटणीचे, विहिरीच्या पाळीचे
शंभर वर्षांचे दावे
गुलाबी होऊन बाकांवर वाळले.
मग बांधकाम खात्यानं 'धोकादायक' असा कागद आणून लावला.
त्यांना दार होतं लावायला.

नव्या इमारतीत लिफ्ट आहे.
तिथंच आदगोंडांनी दावा घातला, रिटायर झाल्यावर, स्वतःच्या पैशानं.
तारखा पडल्या चार.
भिंती पडल्या तीन दिवसांत.
साक्षीचा पिंजरा म्हणे
नेसरी रोडच्या खानावळीत गल्ल्याला गेलाय.
मालक आत उभा राहून बिल सांगतो.
खोटं सांगत नसावा.

पंच दोन: रुद्राप्पा चहावाला
आणि मिरची बाजारातला एक हमाल, नाव मागाहून कळवतो.
रुद्राप्पा म्हणाला, जेसीबीलाच डकवा की.
ड्रायव्हर पोरगं घाबरलं,
म्हणालं, मामा, ह्यात माझं नाव न्हाई न्हवं?
न्हाई बाबा, म्हटलं. तुझं कुठलं.

पायरीचा दगड तेवढा जाग्यावर होता,
मधोमध झिजून ताटलीगत झालेला.
त्यावर लावून बघितलं.
धुरळा. धरलं नाही.
दुसऱ्यांदा लावलं. धरलं नाही.
आदगोंडा रस्त्यापल्याड छत्री घेऊन उभे होते.
इकडं आले नाहीत.
मीही हाक मारली नाही.

सबब अहवाल:
दर्शनी भाग मिळून आला नाही.
हुकूम बजावणीविना परत.

खळ उरली होती.
कोर्टातल्या कुत्रीला घातली. तिनं खाल्ली.