निर्माल्य, शेड क्रमांक दोन

शेवंता गांगुर्डे हार सोडवते.
रामकुंडावरून टेम्पो येतो, ओलाच:
झेंडू, बेल, नारळाच्या शेंड्या,
आणि प्लॅस्टिकचा दोरा. तो वेगळ्या पोत्यात.
‘हा कुणालाच पचत नाही,’ ती म्हणते.

मी फक्त तापमान लिहितो.
चौथा दिवस, अठ्ठेचाळीस अंश.
हात घातला की कळतं,
आत कुणीतरी जेवतंय.

त्याला तोंड नाही, पोटही नाही.
पाचकरस बाहेरच ओततं,
मग विरघळलेलं शोषून घेतं,
आणि लांबत जातं, टोकाटोकानं,
जिकडे अजून थोडं गोड,
थोडं लाकूड उरलंय तिकडे.
ना झाड, ना जनावर.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.

काल ढीग उलटवला.
झेंडूच्या पाकळीतून बेलाच्या देठात,
देठातून कुणाच्या नवसाच्या सुपारीत
पांढरा तंतू. सुईशिवाय ओवलेला.
शेवंता फावडं टेकवून बघत राहिली.
‘दिवसभर मी सोडवायचं,
आणि ह्या मेल्यानं रात्री परत गुंफायचं!’

महिन्यानं ढीग निवला.
गिरणाऱ्याचा गुलाबवाला पोती मोजत होता
तेव्हा कडेला उगवल्या होत्या
करंगळीएवढ्या राखाडी छत्र्या.
एक उचलून नोंदवहीवर ठेवली, बघायला.
चहा पिऊन येईतो
तिची कड वितळून शाई झाली होती,
कोट्यवधी बीजाणूंची काळी शाई,
तारखेपासून सहीपर्यंत पसरलेली.

‘साहेब ओरडतील,’ शेवंता म्हणाली,
आणि पदरानं पुसायला आली.
मी वही बाजूला ओढली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न. आजचा माल जास्त आहे.